पाद्रीसाहेबांचा तास

“कोण गेलं, साहेब? आई का बाप?”

पाद्रीसाहेबांनी असं विचारलं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसायला लागला. मी जागच्या जागी गार पडले. त्यांच्यासमोर उभी राहून मी केव्हाची घडाघडा बोलत होते, आत्मा अमर असतो, सैनिकानं धीर सोडायचा नसतो, सगळी पलटण तुझ्या पाठीशी आहे, आणखी काय काय. आणि मेलं कोण, तेवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

तो तास मृत्यूची बातमी सांगायचा होता. आता तुम्ही हसाल, पण आमच्या अकादमीत असा तास खरोखरच होता. लष्करात अधिकारी झालात की हाताखालच्या जवानाच्या घरून कधी ना कधी तार येते, आणि ती त्याच्या कानावर घालायचं काम तुमच्या गळ्यात पडतं. अकादमीत बंदूक चालवायला शिकवतात, नकाशा वाचायला शिकवतात, मेसमध्ये काट्या-चमच्यानं आंबा कसा खायचा तेदेखील शिकवतात. हे एक कोण शिकवणार? आमच्याकडं ते पाद्रीसाहेब शिकवायचे.

सुभेदार यशया उजागरे त्यांचं नाव. मूळचे नगरचे. लष्करात प्रत्येक धर्माचे धर्मगुरू असतात आणि त्यांना सुभेदारकीचा हुद्दा असतो. आमच्या अकादमीत पंडितजी, ग्रंथीजी, मौलवीसाहेब आणि हे, असे चौघं एकाच बैठ्या इमारतीत शेजारी शेजारी नांदत. चहा एकाकडं उकळायचा आणि चौघांत संपायचा. पाद्रीसाहेब बुटके, गोल, आवाजानं घोगरे. रविवारी त्यांनी गाणं सुरू केलं की पंडितजी शांतपणे आपल्या खिडक्या लावून घेत. बोलायला बसले की त्यांना थांबवायची कुणाची छाती नव्हती. मी फलटणकडची, त्या लांबच्या दक्षिणेकडल्या शहरात मराठी बोलणारी तेवढी एकटीच, त्यामुळं मी सापडले की त्यांचं सुरू व्हायचं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, नगरची थंडी. मला परेडला उशीर होतोय याचं त्यांना काही सोयरसुतक नसायचं.

पण तासाला हा माणूस वेगळाच व्हायचा. खुर्चीत बसून ते जवान व्हायचे आणि आम्ही एकेकानं जाऊन त्यांना बातमी सांगायची. कधी ते गप्प बसणारे जवान असायचे, कधी खदाखदा हसत सुटणारे, कधी नुसतंच “जी साहेब, जी साहेब” करत बुटाचे बंद बांधत राहणारे. आम्ही पोरं-पोरी कवायतीत मुरलेलो, त्यामुळं ताठ सावधान उभं राहून, कसला तरी अहवाल द्यावा तशी बापाच्या मरणाची बातमी खणखणीत आवाजात द्यायचो. मग ते हताश होऊन कपाळाला हात लावत.

त्यांचं सांगणं साधं होतं. टोपी काढा. तो ज्या उंचीवर बसलाय त्या उंचीवर बसा. कोण ते नावानिशी, नात्यानिशी सांगा आणि “वारले” हा शब्द वापरा, त्याला दुसरे कपडे चढवू नका. जाण्याआधी तो काय काय विचारील ते माहीत करून घ्या, कारण तो विचारणारच. आणि सांगून झालं की गप्प बसा. हे शेवटचं त्यांच्या तोंडून ऐकताना आम्हाला फार मजा वाटायची.

एकदा कुणीतरी म्हणालं, साहेब, आम्ही इतके चुकतोय, तर तुम्हीच एकदा करून दाखवा. ते म्हणाले, ते मी करत नाही. आम्ही गिल्ला केला. सगळ्यांची सोंगं आणता, एवढं एक का नाही?

“ते वाक्य मी खेळात बोलत नाही,” ते म्हणाले. “मी ते बोललो की ते खरं असतं.”

आम्हाला वाटलं, म्हातारा भाव खातोय. विषय तिथंच संपला.

माझं सगळं चित्त त्या दिवसांत एकाच गोष्टीवर होतं, ती म्हणजे दौड. पाठीवर जड पिट्टू, हातात रायफल, आणि पहाटेच्या अंधारातून ठरलेल्या वेळात दहा किलोमीटर. बाकी सगळ्यात मी पास होते. नेमबाजीत तर मुलांच्याही वर. दौड मात्र दोनदा हुकली होती. तिसरी संधी शेवटची. ती हुकली की अख्खं सत्र पुन्हा करायचं, म्हणजे बरोबरीचे सगळे अधिकारी होऊन निघून जाणार आणि आपण खालच्या तुकडीत, नव्या पोरांबरोबर, पुन्हा पहिल्यापासून. पासिंग आउट परेड तोंडावर आली होती.

अन् मला ते नुसतं माझ्यासाठी नको होतं. माझे वडील जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. म्हशींच्या जखमा धुण्यात त्यांचा जन्म गेला. मी लष्कराचा अर्ज भरला तेव्हा अख्ख्या भावकीनं त्यांना वेड्यात काढलं, पोरीला कुठं पाठवतोस म्हणून. ते कुणाला काही बोलले नाहीत. रोज पहाटे कालव्याच्या कडेनं मी पळायची आणि ते मागून सायकलवर यायचे. मी दमून रेंगाळले की नुसती घंटी वाजवायचे. परेडला येण्यासाठी म्हणून त्यांनी जन्मात पहिल्यांदा कोट शिवायला टाकला होता, आणि त्याची मापं देताना शिंप्याशी भांडणही केलं होतं. मी नापास झाले असते तर ते मला काहीच बोलले नसते, आणि तेच मला सोसवलं नसतं.

दौड शनिवारी पहाटे होती. शुक्रवारी सकाळी माझ्या नावानं तार आली: वडील सीरियस, ताबडतोब निघ.

मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती तार आमचे कंपनी कमांडर मेजर चेंगप्पा यांच्या टेबलावर गेली. पुढचं सगळं मला कित्येक वर्षांनी, त्यांच्या मुलीच्या लग्नात, जेवणं उरकल्यावर एका कोपऱ्यात बसून त्यांनीच सांगितलं, म्हणून मला ते शब्दन् शब्द माहीत आहे.

सीरियसच्या तारेवर लष्करात कुणाचा विश्वास नसतो. सुगी आली, भाचीचं लग्न आलं, की रजा मिळावी म्हणून घरचे लोक अशी तार ठोकून देतात. मेजरसाहेबांनाही आधी तसंच वाटलं. पण माणूस सरळ. मराठी मुलूख म्हणून त्यांनी पाद्रीसाहेबांना बोलावलं आणि खरंखोटं बघायला सांगितलं. पाद्रीसाहेब फाटकाबाहेरच्या टेलिफोन बूथवर गेले. आमच्या गावात तेव्हा फोन होता फक्त दूध डेअरीत. तो लागेना, लागला तर ऐकू येईना, तरी ते हटले नाहीत. शेवटी डेअरीवाल्यानं माझ्या चुलत्यांना बोलावून आणलं. त्यांच्याकडून कळलं ते असं, की वडील सीरियस वगैरे नव्हते. सकाळीच गेले होते.

परत येऊन त्यांनी मेजरसाहेबांना सांगितलं, आणि मी निघतो तिला सांगायला, असं म्हणावं तितक्या सहज ते उठले. मेजरसाहेबांनी त्यांना थांबवलं.

मेजरसाहेबांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. गाडी उद्या दुपारची, त्याआधी दुसरी नाही. अंत्यविधी आज संध्याकाळी, तो तिला कसाही गाठता येणार नाही. दौड उद्या पहाटे. मग आज सांगून मिळवायचं काय? पोरीला रात्री झोपू दे, सकाळी पळू दे, एकदा पास होऊ दे, मग मी स्वतः तिला जवळ बसवून सांगतो आणि त्याच गाडीनं पाठवतो. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. आज सांगितलं तर ती पळू शकणार नाही, आणि बापाबरोबर तिचं अधिकारीपदही जाईल.

पाद्रीसाहेब म्हणाले, “बातमी तिची आहे, साहेब. ती आपल्या खिशात ठेवायचा आपल्याला हक्क नाही.”

“ती नापास होईल.”

“होईलही.”

मेजरसाहेब चिडले. तुमच्या धर्माला दयामाया आहे की नाही, असं काहीसं ते बोलून गेले. त्यावर पाद्रीसाहेबांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, “उद्या ही पोरगी शंभर जवानांची साहेब होणार आहे. आज आपण तिच्याशी जसं वागू, तसंच ती त्यांच्याशी वागायला शिकेल. तिला तुम्ही हे शिकवायचं म्हणता?”

मग मेजरसाहेब म्हणाले, जा, सांगा. पण ती नापास झाली तर ते तुमच्या डोक्यावर.

“ठेवा,” पाद्रीसाहेब म्हणाले आणि गेले.

मी तेव्हा शस्त्रागाराच्या मागच्या पायरीवर रायफल साफ करत बसले होते. हात तेलानं बरबटलेले. लांबून ते येताना दिसले तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता अर्धा तास माडगं. ते जवळ आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याच पायरीवर बसले. मला ते नेहमी इंगवले म्हणायचे.

“उर्मिला,” ते म्हणाले, “तुमचे वडील आज सकाळी वारले.”

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, कोण, काय, नीट चौकशी करा, नावात गफलत झाली असेल. कदाचित तासाचीच काहीतरी नवी तऱ्हा आहे असं समजून हसलेही असते. पण हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून आलं होतं. एका क्षणात मला कळलं की माझे वडील या जगात नाहीत आणि त्यात काही बदल होणार नाही. रायफल मी शेजारी ठेवली. नीट ठेवली, नळी वर करून. असलं काहीतरी लक्षात राहतं बघा.

मग मी विचारायला लागले, आणि जे जे विचारलं त्याचं उत्तर त्यांच्याजवळ होतं. कुठं? दवाखान्याच्या दारात. गेल्या गेल्या पायरीवर बसले, छातीला हात लावला. जवळ कोण होतं? शिपाई होता. त्याला पाणी आणायला सांगितलं. तो पाणी घेऊन आला तोवर संपलं होतं. फार त्रास झाला का? थोडा झाला असणार, पण फार वेळ नाही. आई? आईला लगेच कळवलं, ती जवळ आहे.

“माझं नाव घेतलं का त्यांनी?”

ते माझ्याकडं बघत राहिले. हो म्हणायला त्यांचं काय जात होतं? कुणी पडताळून पाहणार होतं थोडंच. जगातल्या कुठल्याही माणसानं त्या वेळी हो म्हटलं असतं.

“नाही, बाळा,” ते म्हणाले. “पाणी मागितलं. तेवढंच.”

तेव्हा मी रडले. त्यांनी मला थोपटलं नाही, देवाचं नाव काढलं नाही, एकही शब्द बोलले नाहीत. थोड्या वेळानं फक्त विचारलं, बसू का जाऊ? मी म्हटलं, बसा. ते बसले.

पुढं त्यांनी सगळं सांगितलं. गाडी उद्या दुपारची, रजेवर सही झालीये, तिकीट होतंय. तुमच्या चुलत्यांना मी थांबवून धरता येईल का विचारलं, ते नाही म्हणाले. संध्याकाळी सहाच्या सुमारास नेणार आहेत, चुलतभाऊ अग्नी देईल. दौड उद्या पहाटे आहे, ती तुमच्यासाठी पुढं ढकलता येत नाही. पळायचं की नाही ते तुम्हीच ठरवायचं. मी म्हटलं, तुम्ही सांगा ना काय करू. ते म्हणाले, ते मला माहीत नाही.

संध्याकाळी ते पुन्हा आले. आमच्यात काय करतात हे त्यांनी पंडितजींना विचारलं होतं. पंडितजींनी एक पणती, वात आणि तेलाची बाटली त्यांच्याकडं दिली होती. मैदानाच्या टोकाला एक जुना चिंचेचा वृक्ष होता, त्याच्या बुडाशी आम्ही दोघं उभे राहिलो. पलीकडं पोरं व्हॉलीबॉल खेळत होती. पाद्रीसाहेब घड्याळाकडं बघत होते. मग ते म्हणाले, “आता.”

मी पणती लावली. माझं गाव तिथून एका दिवसरात्रीच्या वाटेवर, पण त्या वेळी मी माझ्या बापाच्या जवळ होते. मेजरसाहेबांचं ऐकलं असतं तर त्या घटकेला मी खोलीत बुटाला पॉलिश करत, उद्याची काळजी करत, बहुतेक काहीतरी गुणगुणत असते. पण हे तेव्हा मला सुचलं नाही. तेव्हा नुसती ती वात वाऱ्यानं विझेल की काय एवढीच भीती वाटत होती, आणि पाद्रीसाहेब टोपीचा आडोसा करून उभे होते.

पहाटे मी पळाले. का पळाले ते मला विचारू नका. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, पोटात अन्न नव्हतं, आणि उठून बघते तर मी पिट्टू चढवून रांगेत उभी. निम्म्याच्या पुढंपर्यंत मी चांगली पळाले, आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा चांगली. मग शेवटचा वळसा आला. तिथं कुणीतरी दूधवाला सायकलवरून चालला होता आणि त्यानं वाटेतलं कुत्रं हटवायला घंटी वाजवली. बस्स. श्वासाची लयच तुटली. मी रडतही होते आणि पळतही होते, आणि दोन्ही एकदम जमत नाही.

रेघ ओलांडली तेव्हा मेजरसाहेबांनी घड्याळ दाबलं, बघितलं आणि मान फिरवली. एवढ्याशा वेळानं हुकली होती. बुटाचा बंद बांधायला लागतो तेवढ्या. पाद्रीसाहेब बाजूला उभे होते. मेजरसाहेब त्यांना माझ्यासमोरच म्हणाले, “बघितलंत?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पाद्रीसाहेबांनी बघितलं म्हटलं. बाकी काही बचाव केला नाही.

दुपारी स्टेशनवर मला सोडायला तेच आले. वाटेसाठी दहीभाताची पुडी आणली होती, खिडकीशेजारची जागा मिळवून दिली. मी त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. आतून नुसती पेटले होते. बाप गेला तो गेला, पण त्यांच्यासाठी म्हणून जे करायचं होतं तेही या माणसानं घालवलं. कशासाठी? एका रात्रीसाठी? गाडी हलायच्या बेताला आली तेव्हा मी खिडकीतून त्यांना म्हटलं, तुम्ही आज सांगितलं असतं तर काय झालं असतं?

“तर तुम्ही पास झाला असतात,” ते म्हणाले.

आणखी काहीतरी म्हणतील म्हणून मी थांबले. गाडी सुटली, आणि दहीभात मी समोरच्या बाईच्या पोरांना देऊन टाकला. सगळ्या प्रवासात मी आलटून पालटून वडिलांसाठी रडले आणि पाद्रीसाहेबांना शिव्या घातल्या.

घरी पोचले तर राख सावडून झाली होती. अंगणात भावकी बसली होती. मला बघून बायांनी गळा काढला. आई मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. दोन दिवस ती रडली नाही, खाल्लं नाही, कुणाशी बोललीही नाही, असं चुलती मला दारातच कुजबुजली. मी तिच्यापुढं बसले. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, काहीतरी शोधत असल्यासारखी. मग तिनं हातानं खूण करून सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

“तुला कधी कळलं गं?” तिनं विचारलं.

“परवाच. दुपारी.”

“काय म्हणून कळलं? सीरियस हायत म्हणून?”

“नाही. वारले म्हणून.”

तिला ते पटेना. तिनं पुन्हा विचारलं. मग मी तिला पहिल्यापासून सांगितलं, पायरी, टोपी, पाणी मागितलं ते, सहा वाजताची पणती, आणि दौडीचंही. रागारागानंच सांगितलं. त्या पाद्र्यानं एक रात्र कळ काढली असती तर आज मी पास होऊन आले असते, असं म्हटलं.

मग आईनं तिच्या वडिलांचं, अण्णांचं, जे सांगितलं, ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

“माझं नवीन लग्न झालं होतं,” ती म्हणाली. “दादा मला न्यायला आला. म्हणाला, अण्णा सीरियस हायत, चल. म्हसवडची एस.टी. धरली. शिंगणापूरचा डोंगर दिसला तसं मी महादेवाला बोलले, अनवाणी चढीन. पुढं सिद्धनाथाला बोलले. वाटेत जे देऊळ दिसंल त्याला बोलत गेले. भात सोडीन, चप्पल सोडीन, पहिलं पोर तुझ्या पायावर घालीन. दादा शेजारीच बसला होता. मी बोलायची आणि तो मान हलवायचा. व्हय व्हय म्हणायचा. गावात उतरलो तर माणसं नदीवरनं आंघोळी करून माघारी येत होती. अण्णा पहाटंच गेलं होतं. दादाला ठाऊक होतं. मेलेल्या माणसासाठी मी नवस बोलत होते आणि तो मला बोलू देत होता.”

आईला मी जन्मात कधी नवस बोलताना पाहिलं नव्हतं. मामाकडं ती दिवाळीलासुद्धा आल्या पावली परत यायची. मला वाटायचं, स्वभाव असेल.

“दादानं मायेनंच केलं,” ती म्हणाली. “पण त्यानंतर त्याच्या कुठल्याच शब्दावर माझा जीव बसला नाही. म्हणून मी तुझ्या काकाला हात जोडून म्हणाले होते, तारंत खरं काय ते लिहा. कुणी ऐकलं नाही. दोन दिवस मला यांचं दुःख करायलासुद्धा सुचंना बघ. डोळ्यापुढं तूच. गाडीत बसलीस, हात जोडलेस, आणि सगळ्या देवांना बोलत सुटलीस.”

“मी कुणाला काही बोलले नाही, आई. मी रडत आले.”

“रडत आलीस ना?” तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. “लई बरं झालं. दौड काय, पुन्हा पळशील.”

आणि मग ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून नवऱ्यासाठी रडायला लागली. बाहेर बसलेल्या बाया आत आल्या, पण मी त्यांना हातानंच थोपवलं.

मी पुन्हा पळाले. अख्खं सत्र पुन्हा केलं, नव्या पोरांबरोबर, पहिल्यापासून, आणि डिसेंबरात वेळेच्या कितीतरी आधी रेघ ओलांडली. परेड संपल्यावर आई-वडील येऊन आपल्या लेकराच्या दोन खांद्यांवर तारे लावतात, असा आमच्याकडं रिवाज आहे. आईनं एका खांद्यावर लावला. दुसऱ्यासाठी चुलते इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. आईनं त्यांना बाजूला केलं, आणि गर्दीच्या मागं पंडितजींशेजारी उभ्या असलेल्या पाद्रीसाहेबांना हाक मारली. ते नको नको म्हणत होते, अधिकाऱ्यांपुढं असं बरं दिसत नाही म्हणत होते. मेजरसाहेबांनीच त्यांना दंडाला धरून पुढं आणलं. तारा काही केल्या नीट लागेना.

“यांच्या जागी तुम्हीच लावायचा,” आई त्यांना म्हणाली. “माझ्या लेकीला तुम्ही फसवलं नाही.”

पाद्रीसाहेबांनी टोपी काढून काखेत धरली आणि तारा लावून दिला.